बागायतदारांचे खाते क्रमांक एन्क्रिप्ट करताना: लायब्ररी कोणती, किल्ली कुठे?

प्रश्न: आम्ही दोघं मित्र नाशिकमध्ये छोटी सॉफ्टवेअर फर्म चालवतो. पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी भागातल्या द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाऊससाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. सर्व्हरवर पायथॉन-जँगो आणि पोस्टग्रेस डेटाबेस, बागेवर नोंदणीसाठी अँड्रॉइड टॅब. बागायतदाराचं नाव, मोबाइल, बँक खातं, आयएफएससी, आधार क्रमांक आणि पासबुकाचा फोटो आम्ही साठवतो. आता एका निर्यातदारानं ‘हा डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, पाहिजे’ असं सांगितलंय. आम्ही एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचं एक फंक्शन लिहिलंय, सोबत जोडलंय. पण ओपन-सोर्स लायब्ररीचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार फंक्शनांच्या संचाचा, कोड तर सगळ्या जगाला दिसतो, मग तिच्यावर भरवसा ठेवायचा कसा? आणि ठेवायचा तर कोणती घ्यावी, कशी बसवावी?

उत्तर:

कोड दिसतो म्हणून वाटणाऱ्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ती गेल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेत सुरक्षा धागा कुठे आहे, वॉटरमार्क कसा दिसतो, तिरकी धरली की कोणता रंग बदलतो, हे रिझर्व्ह बँक स्वतः पोस्टर लावून लोकांना सांगते. ते लपवलं असतं तर दुकानदाराला खोटी नोट ओळखताच आली नसती. तरी घरी बसून तशी नोट कुणाला छापता येत नाही, कारण तो कागद, ती शाई आणि ती यंत्रं त्याच्या हातात नाहीत. एन्क्रिप्शनमध्ये हाच विचार केर्कहॉफ्स नावाच्या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्ये मांडला होता: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्त राहिली पाहिजे ती फक्त किल्ली. एईएसची निवडसुद्धा अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं जाहीर स्पर्धा घेऊन केली. जगभरचे गणिती एकमेकांच्या रचना फोडायला वर्षानुवर्षं बसले होते आणि त्यातून टिकलेली दोन बेल्जियन संशोधकांची रचना २००१ मध्ये प्रमाण ठरली.

तरी कोड उघडा आहे म्हणजे तो कुणीतरी तपासलाच आहे, असंही समजू नका. ओपनएसएसएल या इंटरनेटवरच्या जोडण्या सुरक्षित करणाऱ्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये. समोरच्यानं पाठवलेल्या लांबीच्या आकड्यावर विश्वास ठेवून सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा परत पाठवायचा, आणि त्या तुकड्यात कधी पासवर्ड, तर कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्ली असायची. त्याआधी डेबियन या लिनक्स प्रणालीत याहून साधी गोष्ट घडली. मेमरी तपासणाऱ्या साधनानं इशारा दिला, म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधली ओळ बंद केली गेली. त्या ओळीतूनच यादृच्छिकता, म्हणजे कुणाला अंदाज बांधता न येणारी अनिश्चितता, येत होती. परिणामी तिथं तयार होणाऱ्या प्रत्येक जातीच्या किल्लीचे जेमतेम ३२ हजारांच्या आसपास पर्याय उरले, आणि २००८ पर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लायब्ररी निवडताना म्हणून मी तीन गोष्टी बघते: ती खूप लोकांच्या रोजच्या वापरात आहे का, चूक सापडली की दुरुस्ती किती दिवसांत येते, आणि ती माझ्या हातात किती निर्णय सोपवते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. जितके कमी निर्णय माझ्याकडे, तितक्या माझ्या चुका कमी.

आता तुमचं फंक्शन. एईएस आहे, पण ईसीबी पद्धतीनं. किल्ली म्हणजे फर्मचं नाव आणि साल जोडून झालेली सोळा अक्षरं. ती सेटिंग्जच्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सगळ्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या साठ्यात, चढलेली आहे. दरवाज्याला कुलूप लावून किल्ली तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात ठेवावी, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला कोनाडा माहीत असावा, तसं हे झालंय. तुम्हाला लाजवायला म्हणत नाही. नव्यानं लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण इंटरनेटवर वर येणारी उदाहरणं अशीच असतात.

ईसीबीत नेमकं काय बिघडतं ते तुमच्याच डेटावर बघा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, म्हणजे एईएसच्या सोळा बाइटांच्या एकाच ठोकळ्यात बसतो. ईसीबीत सारखा ठोकळा दर वेळी सारखाच एन्क्रिप्ट होतो. त्यामुळे एका गावातल्या, एकाच शाखेत खातं असलेल्या दोनशे बागायतदारांच्या ओळींत तीच अगम्य अक्षरं दिसतील. त्यातल्या एकाचीही शाखा माहीत असली तर बाकी एकशे नव्व्याण्णव कळल्या, किल्लीला हातही न लावता. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या २०१३ च्या डेटाफुटीत हेच झालं होतं. १५ कोटींहून अधिक नोंदी, पासवर्ड ट्रिपल-डीईएस या एईएसच्या आधीच्या एन्क्रिप्शननं ईसीबी पद्धतीत एन्क्रिप्ट केलेले, आणि शेजारीच लोकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या. सारखा पासवर्ड असलेल्यांचे गट दिसत होते आणि प्रत्येक गटात कुणी ना कुणी उत्तर सांगून टाकलेलं होतं. आजतागायत ती किल्ली जाहीरपणे कुणाच्या हाती लागलेली नाही, तरी हजारो पासवर्ड वाचले गेले.

तेव्हा ते फंक्शन पुसून टाका आणि लिबसोडियम घ्या. बर्नस्टाइन, लांगे आणि श्वाबे यांच्या नेकल या मूळ लायब्ररीवरून ती २०१३ मध्ये निघाली. तिचा परवाना आयएससी आहे, म्हणजे तुमच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बिनदिक्कत चालते. परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झालं. पायथॉनमध्ये ती पायनेकल या नावानं मिळते. पायथॉनची ‘क्रिप्टोग्राफी’ नावाची लायब्ररीही चांगली आहे आणि तिच्यातलं फर्नेट तर फारच सोपं: किल्ली द्या, मजकूर द्या, टोकन घ्या. त्याच लायब्ररीत खोलवरचा एक विभाग आहे, त्याला तिच्या लेखकांनी ‘हॅझमॅट’ हे नाव मुद्दाम दिलंय. रसायनांच्या टँकरवर धोक्याची खूण असते तशी. तिथं शिरायचं तुम्हाला कारण नाही. मग फर्नेटच का नको? त्याचं कारण थोडं पुढं येईल.

पण लायब्ररी बसवण्याआधी एक संध्याकाळ कागद घेऊन बसा आणि कोणापासून काय वाचवायचंय ते लिहा. पॅकहाऊसमध्ये मला जे दिसतं ते असं: सीझनमध्ये टॅब हरवतात. ऑफिसचा लॅपटॉप चोरीला जातो. डेटाबेसचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन कुणीतरी घरी जातं. सीझन संपला की अकाउंटंट नोकरी सोडतो आणि एक्सेलची फाइल त्याच्या मेलमध्ये राहते. यातल्या पहिल्या तिन्हींवर एन्क्रिप्शन उपयोगी आहे. चौथ्यावर नाही. आणि चालू सर्व्हरमध्येच कुणी शिरला तर त्यावरही फारसं नाही, कारण सर्व्हरच्या मेमरीत किल्ली असतेच. निर्यातदाराला हे आजच सांगा. नंतर सांगितलं तर फसवणूक वाटते.

त्याच कागदावर दुसरी यादी करा: काय साठवायचंच नाही. आधार क्रमांक तुम्हाला कशाला लागतो? पैसे जमा करायला खातं आणि आयएफएससी पुरतं. आधार देणाऱ्या युआयडीएआयनं २०१७ मध्येच आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांना वेगळी एन्क्रिप्टेड तिजोरी, तिच्याबाहेर फक्त संदर्भ क्रमांक आणि किल्ल्यांसाठी खास हार्डवेअर अशी व्यवस्था सांगितलेली आहे. दोन माणसांच्या फर्मनं ते ओझं ओढवून घेऊ नये. ओळख म्हणून काही हवंच असेल तर शेवटचे चार अंक दाखवणारा मास्क्ड आधार बघा, नोंद करा आणि परत द्या. तो कॉलम काढून टाका. या सगळ्या कामात सर्वात जास्त सुरक्षा त्या एका बदलानं मिळेल. उलट प्लॉटचा नोंदणी क्रमांक, वाण, छाटणीची तारीख, क्रेटची संख्या यांना हात लावू नका. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या द्राक्ष-नोंदणी प्रणालीसाठी आणि युरोपातल्या खरेदीदाराला माग दाखवण्यासाठी ही माहिती तुम्हाला रोज शोधावी, गाळावी, बेरजा कराव्या लागते. ती एन्क्रिप्ट केली तर अहवाल कासवाच्या गतीनं चालतील आणि हाती काही लागणार नाही.

उरलं काय? खाते क्रमांक, आयएफएससी, मोबाइल आणि पासबुकाचा फोटो. यांच्यासाठी लिबसोडियममधली एक्सचाचा२०-पॉली१३०५ ही पद्धत वापरा. तिची किल्ली ३२ बाइटांची. ती मनानं रचायची नाही, लायब्ररीलाच यादृच्छिक तयार करायला सांगायची. प्रत्येक वेळी एन्क्रिप्ट करताना नॉन्स नावाचा २४ बाइटांचा एक आकडा लागतो. तो गुप्त नसतो आणि मजकुराच्या पुढेच साठवायचा असतो. एकाच किल्लीखाली तो पुन्हा येता कामा नये, एवढीच अट.

ही अट मला स्वतःला महागात पडली आहे, म्हणून सविस्तर सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कामात आम्ही एईएस-जीसीएम (एईएसचाच दुसरा प्रकार) वापरलं होतं. त्याचा नॉन्स १२ बाइटांचा. आम्ही विचार केला, यादृच्छिक कशाला, मोजणी ठेवू: एक, दोन, तीन. कागदावर ते बिनचूक होतं. मग चाळीस टॅब तयार करायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलानं एक टॅब पूर्ण सेट केला आणि त्याचीच प्रत बाकी एकोणचाळीसांवर उतरवली. किल्ली सगळ्यांवर एकच. मोजणीची फाइलही एकच, सगळ्यांवर त्याच आकड्यापासून सुरू होणारी. जीसीएममध्ये नॉन्स पुन्हा आला की दोन मजकुरांमधला फरक सरळ बाहेर पडतो, म्हणजे एका माणसाचा खाते क्रमांक माहीत असला की दुसऱ्याचा आपोआप निघतो. वर खोट्या नोंदी पकडणारी आतली किल्लीही हाती लागू शकते. आमच्या चाचण्यांत काहीच आलं नाही, कारण चाचणी एकाच टॅबवर व्हायची. तीन आठवड्यांनी दोन नोंदींची पहिली अक्षरं सारखी दिसली म्हणून मी खोदत गेले. त्या रात्री झोप लागली नाही. एक्सचाचाचा नॉन्स २४ बाइटांचा असण्याचा फायदा हाच: दर वेळी यादृच्छिक घ्यायचा, मोजणी ठेवायची नाही, आणि योगायोगानं तोच पुन्हा येण्याची भीती व्यवहारात उरत नाही. टॅबची प्रत काढली तरी बिघडत नाही.

आता फर्नेट का नाही त्याबद्दल. तुमच्या धंद्यात खाते क्रमांक कुणी वाचला, त्यापेक्षा कुणी बदलला हा धोका मोठा आहे. सीझनमध्ये एका बागायतदाराच्या पट्टीचे दहा-पंधरा लाख एका फटक्यात जमा होतात. समजा डेटाबेसमध्ये लिहिण्याची मुभा असलेल्या कुणी ‘अ’च्या ओळीतला एन्क्रिप्टेड खाते क्रमांक उचलून ‘ब’च्या ओळीत चिकटवला. त्याला तो वाचता आला नाही तरी काय फरक पडतो? उघडताना किल्ली बरोबर, टॅग (मजकुरात फेरफार झाला का ते तपासणारी सोबतची खूण) बरोबर, सगळं सुरळीत उघडतं, आणि ‘ब’चे पैसे ‘अ’च्या खात्यात जातात. हे थांबवायला एन्क्रिप्ट करताना सोबतची माहिती जोडण्याची सोय असते. ती माहिती एन्क्रिप्ट होत नाही, पण टॅगमध्ये बांधली जाते. तिथं बागायतदाराचा अंतर्गत क्रमांक आणि कॉलमचं नाव द्या. मग ‘अ’चा तुकडा ‘ब’च्या ओळीत उघडतच नाही, चूक येते आणि पैसे अडतात. फर्नेटमध्ये ही सोय नाही, एवढ्याच कारणासाठी मी तुम्हाला एक पाऊल पुढं न्यायला लागले.

अंतर्गत क्रमांक मात्र कायमचा हवा. दुबार नोंदी एकत्र करताना तो बदललात तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडणार नाही; आधी उघडून, नव्या क्रमांकाखाली पुन्हा बंद करावा लागेल. आणि त्याच ओळीत तोच जुना, पूर्वीचा खाते क्रमांक कुणी परत ठेवला तर हा उपाय त्याला पकडत नाही. त्यासाठी खातं बदलल्याची वेगळी नोंदवही ठेवा, बदल एकानं भरायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा असा नियम करा, आणि बागायतदाराच्या जुन्या मोबाइलवर निरोप जाऊ द्या.

शोधायचं कसं, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पडेल. ‘हा खाते क्रमांक आधी कुणाच्या नावावर आहे का?’ हे विचारायला एन्क्रिप्टेड कॉलम उपयोगाचा नाही, कारण तोच आकडा दर वेळी वेगळा दिसतो. लोक मग शेजारी साधा हॅश, म्हणजे त्या आकड्यावरून काढलेला, नेहमी तोच येणारा ठसा ठेवतात. ठेवू नका. आधारचं उदाहरण घ्या: बारा अंक, पहिला शून्य किंवा एक नसतो, शेवटचा तपासणीचा. म्हणजे एकूण शक्यता ८० अब्ज. खेळांसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एसएचए-२५६ हॅश काढतं, तेव्हा सगळे आधार क्रमांक उलगडायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. खाते क्रमांकाचंही तेच. बँक आणि शाखा कळली की फिरणारे अंक थोडेच उरतात. त्याऐवजी एचमॅक घ्या, म्हणजे किल्ली असलेला हॅश, आणि त्याची किल्ली एन्क्रिप्शनच्या किल्लीहून वेगळी ठेवा. हॅश काढण्याआधी आकड्यांमधल्या मोकळ्या जागा काढा आणि देवनागरी अंक असतील तर इंग्रजी करा. टॅबवर मराठी कळफलक असणारे तुमच्याकडे नक्की भेटतील.

लॉगिनचे पासवर्ड यातलं काहीही वापरून ठेवू नका. ते उघडता यायलाच नकोत. जँगोत आर्गॉन२ या पासवर्डसाठीच्या हॅशची सोय आहे, ती चालू करा आणि पुढं चला.

बागेवरचे टॅब हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वात आवडलेला भाग, कारण तिथं एक सुंदर उपाय आहे. दिंडोरीच्या पलीकडे नेटवर्क गेलं की नोंदी टॅबवर साठतात आणि संध्याकाळी पॅकहाऊसच्या वायफायवर चढतात. मधल्या वेळात टॅब हरवला तर? टॅबला जुन्या नोंदी वाचण्याची गरजच नाही, तो फक्त भरतो. मग किल्ल्यांची जोडी घ्या: सार्वजनिक किल्ली फक्त बंद करते, खासगी उघडते. टॅबवर फक्त सार्वजनिक किल्ली ठेवा आणि लिबसोडियमचं सील्ड बॉक्स वापरा. देवळातल्या दानपेटीसारखं: टाकणारा कुणीही, उघडणारा एकच. खासगी किल्ली सर्व्हरवर. पासबुकाचा फोटो काढला, पेटीत टाकला, मूळ फोटो पुसला. त्यानंतर तो टॅबलाही उघडता येत नाही. फोटो गॅलरीत जाऊ देऊ नका, तिथून तो आपोआप क्लाउडवर चढतो. फक्त, दानपेटीत कुणी टाकलं हे कळत नाही, तसं सील्ड बॉक्सही पाठवणारा कोण ते सांगत नाही. म्हणून टॅबचं लॉगिन आणि टीएलएस (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) वेगळं लागेलच. टॅबवर काही वाचावंच लागत असेल, जसं आजच्या फेरीची यादी, तर तेवढ्यासाठी एसक्यूएलसायफर हा एन्क्रिप्टेड डेटाबेस वापरा आणि त्याची किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोर या किल्ल्यांच्या तिजोरीत ठेवा.

आणि आता किल्ली. इथवरचा कोड तुमचा एका आठवड्यात होईल. हे मात्र सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत सांभाळायचं आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. सभासदांच्या वारसांची माहिती आम्ही एन्क्रिप्ट करत होतो. किल्ली डेटाबेसमध्ये ठेवू नये हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून ती सर्व्हरच्या एका कॉन्फिग फाइलमध्ये होती. बॅकअप रोज रात्री व्हायचा, डेटाबेसचा. एका पावसाळ्यात वीज येत-जात राहिली आणि डिस्क गेली. नवीन मशीन आलं, बॅकअप उतरला, सगळ्या ओळी जशाच्या तशा परत आल्या, आणि उघडायला किल्ली कुठेच नव्हती. ती फाइल कुणीच, कधीच बॅकअपमध्ये घेतली नव्हती. तीन वर्षांची माहिती डोळ्यांसमोर होती आणि वाचता येत नव्हती. शेवटी संस्थेतल्या बायकांनी जुने कागदी फॉर्म काढून दोन महिने बसून सगळं पुन्हा भरलं. त्यांच्यापैकी एक ताई मला म्हणाल्या, ‘मॅडम, चोराला पण वाचता येऊ नये म्हणून केलं होतं ना?’ मला उत्तर देता आलं नाही. एन्क्रिप्शन नीट केलं होतं, म्हणूनच ते आम्हालाही फोडता आलं नाही.

तेव्हापासून मी असं करते. ३२ बाइटांची एकच मूळ किल्ली तयार करते आणि बाकी सगळ्या तिच्यातून काढते: खात्यांची वेगळी, फोटोंची वेगळी, एचमॅकची वेगळी. सील्ड बॉक्सची जोडीसुद्धा तिच्यातूनच निघते. लिबसोडियममध्ये यासाठी तयार फंक्शनं आहेत. फायदा असा की कागदावर फक्त ६४ अक्षरं लिहावी लागतात. ती दोन लिफाफ्यांत जातात. एक निर्यातदाराच्या बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरा त्यांच्या सीएकडे, सही आणि तारखेसह बंद करून. एकट्या माणसाच्या हाती पूर्ण किल्ली नको असेल तर संगणकशास्त्रज्ञ शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली वाटणीची पद्धत आहे: तीन तुकडे करायचे, कोणतेही दोन जुळले की किल्ली, एकट्यात काहीच नाही. पण मालक, मुलगा आणि सीए एवढ्याच संस्थेत साधे दोन लिफाफे चालतात, आणि ते कसे वापरायचे ते सगळ्यांना कळतं.

सर्व्हरवर ती किल्ली कोडपासून आणि डेटाबेसपासून लांब हवी. तुम्ही क्लाउडवर असाल तर तिथली किल्ली सांभाळणारी सेवा घ्या. तिच्यात मूळ किल्ली बंद करून ठेवता येते, आणि कुणी, केव्हा उघडली त्याची नोंद राहते. स्वतःचं मशीन असेल तर फक्त त्या एका प्रोग्रामला वाचता येईल अशी फाइल, आणि डेटाबेसचा बॅकअप जिथं जातो तिथं ती फाइल जाणार नाही याची खात्री. दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर गेले तर एवढा खटाटोप वाया.

प्रत्येक एन्क्रिप्टेड तुकड्याच्या अगदी सुरुवातीला एक बाइट किल्लीच्या आवृत्तीचा ठेवा. आज तो नेहमी एकच असेल आणि फुकट वाटेल. ज्या दिवशी किल्ली बदलावी लागेल त्या दिवशी त्याच एका बाइटमुळे नव्या नोंदी नव्या किल्लीनं आणि जुन्या नोंदी जुन्या किल्लीनं उघडत राहतील, आणि मागं बसून सावकाश सगळ्या बदलता येतील. हा बाइटही सोबतच्या माहितीत बांधा. आवृत्तीचा एक, नॉन्सचे २४ आणि टॅगचे १६ धरून प्रत्येक साठवलेल्या तुकड्यामागे ४१ बाइट वाढतात. अक्षरांचा मर्यादित लांबीचा कॉलम ठेवलात तर डेटा कापला जाईल आणि कायमचा जाईल, म्हणून कॉलम बाइट्सचाच घ्या.

हे बदल जानेवारी ते एप्रिल मुळीच करू नका. माल निघत असताना पॅकहाऊस एक तास बंद राहिलं तरी रीफर (शीत) कंटेनर अडतो. खरड छाटणी उरकली की मे-जूनमध्ये कामाला लागा, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या नोंदणीआधी सगळं बसलेलं हवं. आणि दर वर्षी जूनमध्ये एक तालीम: रिकामं मशीन, लॉकरमधला लिफाफा, शेवटचा बॅकअप, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेल्या सूचना वाचून एका बागायतदाराचा खाते क्रमांक उघडून दाखवायचा. नाही उघडला तर ते जूनमध्ये कळलेलं बरं. पहिल्या तालमीत आमच्याकडे लिफाफ्यातल्या चौसष्ट अक्षरांपैकी एक चुकीचं निघालं होतं. हातानं उतरवताना आठचा बी झाला होता. तेव्हापासून छापून, सोबत क्यूआर कोड आणि खाली तपासणीची चार अक्षरं.

कायद्याबद्दल तुमचा निर्यातदार विचारेलच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांत सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शन आणि मास्किंगचं नाव घेतलेलं आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आकड्यानं घाबरू नका, पण करारात कोण कशाला जबाबदार ते वकिलाकडून लिहून घ्या.

आता जुना डेटा. कॉलम एन्क्रिप्ट केला म्हणजे जुना मजकूर नाहीसा झाला असं होत नाही. पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या ओळीची जुनी प्रत साफसफाई होईपर्यंत डिस्कवर पडून असते, म्हणून काम झाल्यावर ते टेबल पूर्ण व्हॅक्यूम करून घ्या. लॉगच्या फाइली उघडून खाते क्रमांक शोधा. जँगोच्या चुकांच्या मेलमध्येही ते निघतात, मी पैज लावून सांगते. एक्सेल काढण्याचं बटण सगळ्यांना आहे का ते बघा, आणि बँकेला पाठवायच्या फाइलीखेरीज बाकी सगळीकडे शेवटचे चारच अंक दाखवा.

गिटमधली ती सोळा अक्षरांची किल्ली फुटली असंच धरा. फाइल आज काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहते आणि कुणाकुणाच्या लॅपटॉपवर प्रत आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही. इतिहास साफ करण्यात दिवस घालवू नका, त्या किल्लीनं बंद केलेलं सगळं नव्या किल्लीखाली आणा. आणि तिच्याखालचे जे बॅकअप बाहेर गेलेत ते परत मिळवायचा प्रयत्न करा. या आठवड्यात प्रत्येक पॅकहाऊसमध्ये स्वतः जा, अकाउंटंटच्या टेबलाचा खण उघडायला सांगा, आतले सगळे पेनड्राइव्ह मोजा, कोणता कधीचा ते वहीत लिहा आणि ताब्यात घ्या. पिंपळगावपासून सुरुवात करा, तिथं तुमचे सर्वात जुने ग्राहक आहेत.